लिहिणाऱ्याने गप्प बसायचं

टेबलावर एकतीस कागद होते, एका बाजूने छापलेले. प्रत्येकावर एकोणचाळीस ओळी, शेवटच्यावर चौदा. एकूण एक हजार एकशे चौऱ्याऐंशी. कागदांच्या डावीकडे एक फुटाची लाकडी पट्टी, उजवीकडे पाण्याचे दोन पेले, मध्ये एका ताटलीत खालच्या बेकरीतली खारी. खुर्च्या दोन. पेन एकही नाही.

"कर सुरू," टिल्लू सर म्हणाले. "सगळं वाचायचं. कंस, अर्धविराम, बाण. काही गाळायचं नाही."

मी वाचायला लागले.

ही दोन हजार आठ सालच्या मार्चमधली गोष्ट. मी तेवीस वर्षांची, फलटणहून पुण्याला येऊन भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेली, आणि पाषाणमधल्या एका बेकरीच्या वरच्या मजल्यावरच्या कंपनीत नुकतीच रुळलेली. आम्ही सगळे मिळून चौदा जण. दुपारी खाली भट्टीतून पावाचे ट्रे बाहेर आले की तो वास थेट आमच्या टेबलांपर्यंत यायचा आणि अर्धं ऑफिस काहीतरी निमित्त काढून जिना उतरायचं. अजूनही कुठे ताज्या पावाचा वास आला की मला आधी भूक लागत नाही. आधी "कंस उघड" असं ऐकू येतं.

आमचं काम सांगायला सोपं होतं. एका खऱ्या संगणकाच्या पोटात वीस-चाळीस खोटे संगणक चालवायचे. आतल्या प्रत्येकाला वाटतं की आपण खरे, आपल्याकडे स्वतःचं नेटवर्क कार्ड आहे. ते नसतं. बाहेरच्या संगणकाने घेतलेलं ते सोंग असतं. बाहेरच्याला आम्ही यजमान म्हणायचो, आतल्याला पाहुणा. त्या सोंगाच्या कार्डाशी बोलायला पाहुण्याच्या बाजूने जो प्रोग्रॅम लागतो, तो ड्रायव्हर. टेबलावरचे एकतीस कागद म्हणजे तो ड्रायव्हर होता, आणि तो मी लिहिला होता.

यजमान आणि पाहुणा यांच्यामध्ये मेमरीचा एक तुकडा सामाईक असतो. तिथे यजमान लिहून ठेवतो, माहितीचं पॅकेट आलंय, लांबी एवढी. पाहुण्याने ती लांबी वाचायची, आपल्याकडे तेवढी जागा आहे का ते बघायचं आणि पॅकेट उचलायचं. यातली मेख सरांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितली होती.

"तू लांबी बघितलीस, ठीक आहे म्हणालीस, आणि उचलताना परत एकदा बघितलीस. तेवढ्यात यजमानाने आकडा बदलला तर?"

"तो कशाला बदलेल, सर?"

"कशाला ते त्याला विचार. बदलू शकतो ना? मग एकदाच वाचायचं आणि आपल्या खिशात टाकायचं. खिशातलं तपासायचं, खिशातलंच वापरायचं. परत बाहेर डोकवायचं नाही."

मुकुंद टिल्लू साठीच्या पुढचे होते. अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट, पायात कोल्हापुरी, बोलणं कमी. बरीच वर्षं त्यांनी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवलं होतं आणि कंपनीचा मालक प्रसाद खासनीस हा त्यांचाच विद्यार्थी. आम्ही सगळे त्याला 'प्रसाद' म्हणायचो. सर मात्र हजेरी घेतल्यासारखं "खासनीस" म्हणायचे, आणि प्रसादचा हात नकळत खिशातून बाहेर यायचा.

कोड तपासण्याची आमच्याकडची रीत दुसरीकडे कुठे नव्हती. इतर ठिकाणी तपासणारा एकटा बसून दुसऱ्याचा कोड डोळ्यांखालून घालतो. आमच्याकडे लिहिणाऱ्याने तो छापून आणायचा आणि सरांसमोर बसून मोठ्याने वाचायचा. याला 'वाचन' म्हणत. वाचून झालेलं पान सरांच्या हातात द्यायचं. ते पालथं घालून त्यावर पट्टी ठेवत. ऐकताना त्यांचं तोंड खिडकीकडे, टेकडीच्या दिशेने असे, आणि डाव्या हाताची बोटं टेबलावर एकेक करून उचलली जात, पुन्हा टेकत. माझ्या शेजारी बसणारा इरफान मोमीन मिरजेचा होता. तो म्हणायचा, "सर कोड नाही गं ऐकत, तबला ऐकतात. बघ की नीट, सम आली की मान हलते."

माझं वाचन होतं त्याच्या आदल्या दिवशी प्रसादने मला जिन्यात गाठलं.

"ऋता, उद्या तुझं वाचन ना? नीट कर. हे बहुतेक शेवटचं."

"शेवटचं म्हणजे?"

"एक तारखेपासून सगळी तपासणी पडद्यावर. कोड पडद्यावर दिसेल, ज्याला जे खटकेल त्याने तिथेच लिहायचं. आपले जपानचे ग्राहक तसंच मागतायत, आणि भागीदारही मागे लागलेत. वाचन म्हणजे काय, म्हणे, पारायण?"

"आणि सर?"

प्रसाद कठड्याला टेकला. "चार वेळा सांगून झालं त्यांना, सर, या पडद्यावर, शिकायला अर्धा तास लागेल. नाही म्हणजे नाही. एकतीसला त्यांचा करार संपतोय. मी भागीदारांकडून एवढंच कबूल करून घेतलंय, की तुझ्या ड्रायव्हरच्या वाचनातून एकही चूक सुटली नाही तर सर राहतील, वाचनही राहील. सुटली, तर मला काही बोलायला जागा नाही."

"सरांना हे माहीत आहे?"

"मीच सांगितलं. 'योग्य आहे' म्हणाले."

म्हणून त्या दिवशी मी जपून वाचत होते. कंस उघड, कंस बंद. डी बाण लेन, म्हणजे सामाईक जागेतली लांबी. नुसतं लेन म्हणजे खिशातली. दहाव्या पानाशी मी खारी खाल्ली आणि चुरा पानावर पडला. पान तसंच सरांकडे गेलं. टेबलावर पाण्याचा ओघळसुद्धा न खपणाऱ्या सरांनी तो चुरा झटकला नाही, पान पालथं घातलं आणि चुरा खाली तसाच दाबला गेला. मला गंमत वाटली, एवढंच.

एकोणिसावं झालं, विसावं झालं. सव्विसाव्या पानावर सरांनी हात वर केला.

"थांब. इथे एक बफर घेतलास."

बफर म्हणजे पॅकेट ठेवायला मागून घेतलेली जागा. काम झालं की ती परत द्यायची असते.

"हो, सर."

"परत कुठे दिलास?"

"शेवटी, सर. फंक्शनच्या शेवटी सगळं एकत्रच परत देते. तिथे एक लेबल आहे, सगळे रस्ते तिथेच येतात."

फंक्शन म्हणजे प्रोग्रॅममधला एका कामाचा तुकडा, आणि लेबल म्हणजे त्यातल्या एका जागेवर लावलेली खूण. सरांचं मधलं बोट वर होतं. ते थोडा वेळ तसंच राहिलं.

"सगळे येतात?"

"हो, सर. मीच लिहिलंय ना."

बोट खाली टेकलं. "चल पुढे."

एकतीस पानं झाली तेव्हा पावाचा वास येऊन गेला होता. सरांनी गठ्ठा सुलटा केला, माझ्याकडून पेन मागून घेतलं, पट्टी पहिल्या पानाच्या तळाशी आडवी लावली आणि तिच्या कडेला धरून 'तपासलं' लिहून सही केली. अक्षर अगदी सरळ रेषेत. मला ती त्यांची टापटीप वाटली.

सोमवारी इरफानने चाचणी लावली. चाळीस पाहुणे, चोवीस तास, आणि यजमानाच्या जागी त्याने स्वतः लिहिलेला 'खोडसाळ'. हा खोडसाळ सरांच्या सांगण्यावरून तयार झाला होता. पाहुण्याला एक लांबी सांगायची आणि त्याची पाठ वळली की दुसरीच लिहून ठेवायची, अशा शंभर खोड्या त्याला शिकवल्या होत्या.

मी डबा उघडत होते, तेवढ्यात पलीकडून आवाज आला. "ऋता, तुझा सत्तावीस नंबर गेला की."

"गेला म्हणजे?"

"गेला म्हणजे गेला. तेरावं कधी ते सांग, शिरा मी आणतो."

"इरफान, चेष्टा नको."

"आईच्यान, चेष्टा नाही. बघ इथं."

त्याच्या पडद्यावर मेलेल्या पाहुण्याने मरताना सोडलेली नोंद होती. माझ्याच फंक्शनचं नाव. पाहुण्याने आपल्या जागेत मावणार नाही एवढं पॅकेट उचललं होतं. मी कोड उघडला आणि डबा तसाच झाकून ठेवला. लांबी खिशात टाकणारी ओळ तिथे दोनदा होती. एकदा लांबी मावते का बघणाऱ्या तपासणीच्या वर, जिथे ती असायला हवी. आणि पुन्हा एकदा तपासणीच्या खाली. आधी मी ती खाली लिहिली होती. सरांची मेख आठवून वर आणली, आणि जुनी खोडायची राहिली. पाहुणा खिशातलं तपासत होता, आणि तपासून झाल्यावर परत बाहेर डोकवून खिसा नव्याने भरत होता.

मी कपाटातून छापील गठ्ठा काढला. एकोणिसाव्या पानाच्या तळाशी ती ओळ आणि तपासणी. विसाव्या पानाच्या माथ्यावर, पहिलीच, पुन्हा तीच ओळ. मग सगळं आठवलं. पान उलटल्यावर समोर तीच ओळ दिसली, ही तर आत्ताच वाचली असं वाटलं, आणि मी दुसरीपासून पुढे गेले होते.

वाचताना मी ती गाळली, हे कळलं. पण पान मी सरांच्या हातात दिलं होतं.

प्रसादने आम्हाला वाचनाच्या खोलीत बोलावलं. इरफान दारात उभा राहिला. प्रसादच्या हातात विसावं पान होतं.

"सर, ही ओळ पानावर पहिली आहे."

सरांचा हात टेबलावरच्या पट्टीवर गेला.

"वरून पहिली. तिच्या डोक्यावर कोरा कागद आहे. पहिल्या वर्षाच्या पोरालाही दिसली असती."

"मी ऐकली नाही," सर म्हणाले.

"ऐकण्याचा प्रश्न कुठे येतो, सर? कागद तुमच्या हातात होता."

"मी ती वाचलीच नाही," मी म्हणाले. "पान उलटताना माझ्याकडून राहिली."

"ऋता, तुझ्याकडून राहणारच. लिहिणाऱ्याकडून राहतं म्हणून तर तपासणारा असतो." तो पुन्हा सरांकडे वळला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण तो एकेक शब्द मोजून टाकत होता. "मला एक सांगा. कॉलेजात तुम्ही लिहिणाऱ्याला तोंड उघडू द्यायचा नाहीत. माझा प्रोग्रॅम वर्गातला शिरगोपीकर वाचायचा आणि मी भिंतीला टेकून बसायचो, तोंडावर बोट ठेवून. तुमच्या हातात दुसरी प्रत असायची. लाल पेन असायचं. एकदा तर मी नुसता खाकरलो म्हणून वर्गाबाहेर काढलंत. मग इथे लिहिणाराच का वाचतो? हा नियम तुम्ही बदललात कधी?"

"तीन वर्षं झाली."

"का?"

खाली बेकरीत कोणीतरी ट्रे आपटले. सरांनी पट्टी उचलली आणि दोन्ही हातांत आडवी धरली.

"दुसरा माणूस वाचायला मागितला असता, तर त्याचे तीन तास कशासाठी हवेत ते तुला सांगावं लागलं असतं. लिहिणारा तसाही समोर असतो. तो वाचतो तेव्हा कोणी काही विचारत नाही. वाटतं, सरांची शिस्त आहे."

"मला नाही कळलं."

"मला अक्षर दिसत नाही, खासनीस."

प्रसादच्या हातातलं पान खाली आलं.

"डोळ्यातल्या पडद्याचा मधला भाग गेलाय," सर म्हणाले. वर्गात शिकवावं तसंच सांगत होते. "कडा दिसतात. म्हणून जिना चढतो, रिक्षा थांबवतो. समोर बघितलं की मधे राखाडी डाग. तुझे कान दिसतात मला, चेहरा नाही. टेकडी दिसते, तिच्यावरची टाकी नाही. उपाय नाही, हे तीन डॉक्टरांनी सांगून झालंय."

"मी चार वेळा तुम्हाला पडद्यावर या म्हणालो."

"हो."

"एकदा तरी बोलायचं होतंत."

"बोललो असतो, तर करार तू दयेपोटी केला असतास. मला ऐकून काम जमत होतं. जमतं असं वाटत होतं." त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली, मग पुन्हा उचलली. "ही माझी आहे, नेतो. तुझी अट होती, ती मला मान्य होती. चूक सुटली. इरफान, एक रिक्षा बघतोस?"

इरफान जागचा हलला नाही. प्रसाद खिडकीबाहेर बघत राहिला. सर उठले, खुर्ची मागे सरकली, आणि मला त्यांचा डावा हात दिसला. त्याच हाताचं मधलं बोट परवा वर राहिलं होतं.

"सर, सव्विसावं पान," मी म्हणाले.

"काय सव्विसावं पान?"

"तुम्ही तिथे थांबवलंत मला. तुमचं एक बोट वर होतं. मी समजावल्यावर तुम्ही ते खाली घेतलंत."

"मग?"

"मी समजावलं, ते कागदावर आहे का, हे मला माहीत नाही. मी जे लिहायचं ठरवलं होतं ते सांगितलं. ती ओळ गाळली तेव्हाही मी तेच केलं, मनातलं वाचलं. मी आता कितीही वेळा ते पान बघितलं, तरी मला मनातलंच दिसणार. दुसऱ्या कोणीतरी वाचायला हवं, सर. मी समोर असताना, पण मी न बोलता."

"मी वाचतो की," इरफान म्हणाला.

"तू नको," प्रसाद म्हणाला. "तू आठ महिने तिच्या शेजारी बसतोस. निम्मा कोड तुला पाठ असेल." त्याने घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि माझ्या खुर्चीवर बसला. "मला यातलं काही माहीत नाही. लिहिलंय त्यापेक्षा जास्त मी वाचूच शकत नाही. बसा, सर."

"खासनीस, तुला कामं आहेत."

"बसा, सर."

इरफानने बाहेरून तिसरी खुर्ची आणली, भिंतीला लावली आणि मला डोळ्यांनी खूण केली. "तोंडावर बोट," तो कुजबुजला.

मी आता ज्या कंपनीत आहे तिथे काचेच्या भिंतींच्या नऊ खोल्या आहेत, आणि कोडमधल्या निम्म्या चुका माणसाआधी यंत्रंच सांगतात. तरी कधी कधी त्या खोलीतली ती दुपार आठवते. कंपनीचा मालक शाळेतल्या पोरासारखा बोटाखाली ओळ धरून वाचत होता. अडखळत होता. माझी व्हेरिएबलांची नावं वाचताना त्याला कष्ट पडत होते आणि ते ऐकताना मला लाज वाटत होती. ती नावं सुधारायची मी तिथेच ठरवलं.

"रिंग बाण टेल, बरोबर, कंस उघड..."

"अर्धविराम आला का आधी?"

"हो, सर, अर्धविराम. सॉरी."

"सॉरी नको. वाच."

पहिल्या काही पानांनंतर प्रसादचा आवाज सुटला. सरांची बोटं चालायला लागली. मध्येच प्रसाद वाचता वाचता त्या हाताकडे बघून हसला. "आम्ही मागच्या बाकावरून हीच बोटं बघायचो. घेतलं की वर, दिलं की खाली. फंक्शन संपताना वर राहिलं की समजायचं, याची आता पूजा आहे."

"तुझी किती वेळा झाली?"

"मोजलं नाही, सर."

"मी मोजलं होतं. वाच."

इतके दिवस ऑफिसातले आम्ही सगळे ती बोटं रोज बघत होतो. तबला म्हणत होतो.

विसावं पान आलं. प्रसादने माथ्यावरची ओळ वाचली. "लेन बरोबर डी बाण लेन, अर्धविराम."

पट्टी टेबलावर वाजली. "ही आत्ता वाचलीस."

"तीच पुन्हा लिहिलीय, सर."

"हं," सर म्हणाले. "ऐकू येते तर." आणि पुढे चल अशी खूण केली.

सव्विसाव्या पानावर मी पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला. मधलं बोट वर गेलं. प्रसाद वाचत राहिला. लांबी जास्त असेल तर कंस उघड. मोजणी एकने वाढव, अर्धविराम. रिटर्न, अर्धविराम. कंस बंद.

"थांब. तो बफर परत कुठे दिला?"

प्रसादने मान वळवली.

"तिच्याकडे बघू नकोस," सर म्हणाले. "खुर्ची वाजते तुझी."

इरफान खुदकन हसला आणि लगेच गप्प झाला. मी ओठ मिटून घेतले. उत्तर माझ्या जिभेवर होतं, तेच परवाचं. शेवटी, सर. सगळे रस्ते तिथेच येतात.

प्रसादने पान उलटलं, पुढचं बघितलं, पुन्हा मागे आला. "फंक्शनच्या शेवटी दिलाय, सर. लेबल आहे."

"शेवटपर्यंत पोचलं तर. आणि इथून निघून गेलं तर?"

प्रसादने बोट ओळीवर ठेवलं. मनातल्या मनात एकदा वाचलं, मग मोठ्याने वाचलं. "रिटर्न, अर्धविराम. लेबलकडे नाही जात, सर. हा रस्ता बाहेरच्या बाहेर जातो."

सरांचं बोट वरच होतं.

"बफर किती असतात तिच्याकडे?"

"दोनशे छप्पन्न, आधीच्या पानावर वाचलंय," प्रसाद म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. "म्हणजे मोठ्या लांबीचं पॅकेट आलं की दर वेळी एक जाणार. दोनशे छप्पन्न गेले की पाहुणा मरणार नाही. नुसता बोलायचा थांबेल. ग्राहकाकडे महिनाभराने कधीतरी, आणि कोणाला कळणारही नाही का ते."

"माझ्या खोडसाळला तर दिसलंच नसतं," इरफान दारातून म्हणाला. "ते फक्त मेलेले मोजतंय."

"मग आता जिवंतांचंही मोजायला लाव," सर म्हणाले. "घेतले किती, दिले किती. " मग माझ्या खुर्चीच्या दिशेने, "शेणोलीकर, आता बोललीस तरी चालेल."

"दुरुस्त करते, सर," मी म्हणाले.

उरलेल्या पानांत काही निघालं नाही. प्रसादने शेवटचा कागद सरांच्या हातात दिला आणि त्यांनी तो पालथा घातला. खाली भट्टी पुन्हा पेटल्याचा वास यायला लागला होता.

"खासनीस, अटीचं बोलू," सर म्हणाले.

"अट होती, वाचनातून चूक सुटता कामा नये." प्रसादने घड्याळ हातात चढवलं. "परवा झालं ते वाचन नव्हतं. तुम्हीच शिकवलंय मला ते. लिहिणारा बोलत होता. वाचन आज झालं. आता चाचणी लावू. ही निघाली स्वच्छ, तर भागीदारांशी मी बोलतो, आणि वाचायला माणूस कोण द्यायचा तेही मी बघतो. नाही निघाली, तर रिक्षा मी स्वतः बोलावून आणतो."

"योग्य आहे," सर म्हणाले.

मी दोन ओळी बदलल्या. एक खोडली, एक वाट लेबलकडे वळवली. इरफानने खोडसाळला मोजायला शिकवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीस पाहुणे सोडले. तो दिवस मी कोणतंच काम धड केलं नाही. दर थोड्या वेळाने त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहायचे.

"अगं, तू बघितल्याने ते लवकर होणार आहे का?"

"किती जिवंत?"

"चाळीस. जा, पाव घेऊन ये. मलाही आण."

सर त्या दिवशी नेहमीसारखे आले. वाचनाच्या खोलीत एकटे बसले. दुपारी मी त्यांना चहा नेऊन दिला तेव्हा त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. फक्त मी दाराकडे वळल्यावर ते म्हणाले, "तुझ्या चपलेचा आवाज आज सारखा येतोय."

बुधवारी सकाळी आम्ही सगळे इरफानच्या मागे जमलो. प्रसाद सरांना हाताला धरून घेऊन आला, हे आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. सरांनी हात सोडवून घेतला नाही. तिसरी खुर्ची कोणीतरी पुढे केली. इरफानने घसा साफ केला.

"वाच," सर म्हणाले. "काही गाळायचं नाही."

"कालावधी, चोवीस तास. पाहुणे, चाळीस. मेलेले, शून्य. घेतलेले बफर, नऊ कोटी बारा लाख चव्वेचाळीस हजार अठरा. परत दिलेले बफर, नऊ कोटी बारा लाख चव्वेचाळीस हजार अठरा."